पाटी जुनी, पण किती जुनी? जुन्या मोटारींच्या नंबरप्लेटचं साल चुकतं कुठं आणि तपासायचं कसं

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत माझं पाट्या रंगवायचं दुकान आहे. १९८७ ला ब्रश हातात धरला तेव्हा गाड्यांना तीन अक्षरांचे नंबर होते. दोन वर्षांत एमएच १८ आला आणि तो मी स्वतः शेकडो गाड्यांवर लिहिला. पुढं रेडियम आलं, कटिंग मशिन आलं. आता हाय सिक्युरिटी प्लेट आल्या आणि ब्रशनं नंबर लिहायचं काम जवळजवळ थांबलं. त्याच्या जागी दुसरंच काम वाढलंय. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांनाही नवी प्लेट सक्तीची झाल्यापासून लोक माळ्यावरच्या, गोठ्यातल्या, भंगारातल्या जुन्या पाट्या शोधून आणतात आणि विचारतात, "भाऊ, ही कोणत्या सालची?"

बहुतेकांनी साल आधीच ठरवलेलं असतं. "मना आजोबानी गाडीनी पाटी शे, इंग्रजना टाइमनी." कधी ते खरं निघतं. पण बऱ्याचदा वीस-तीस वर्षांचा फरक पडतो, आणि दर वेळी चूक तीच असते. नंबरचं वय आणि पत्र्याचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक त्या एक समजतात.

आपल्याकडे नंबर गाडीला मिळतो आणि बहुतेक वेळा गाडी असेपर्यंत तोच राहतो. पाटी मात्र मालक आपल्या पैशानं करून घ्यायचा. गंजली, बैलगाडीची धडक लागली, रंग उडाला, की नवी करायची. एकाच नंबरच्या चार-चार पाट्या होऊन गेलेल्या मी पाहिल्यात. म्हणजे नंबर १९४६ चा आणि पत्रा १९७० चा, असं सहज होतं. उलट, जुन्या पत्र्यावर नवा नंबर लिहिलेलाही सापडतो, कारण पत्रा कुणी फेकत नव्हतं. म्हणून दोन्हींचं साल वेगवेगळं काढायचं आणि शेवटी जुळवून बघायचं. खालची सगळी तपासणी याच एका गोष्टीसाठी आहे.

लक्षणं: यातलं काही दिसलं तर साल चुकलंय असं धरा

घरचे सांगतात ते साल एक आणि नंबरची पद्धत दुसऱ्याच काळातली.

नंबर जुना दिसतो, पण स्क्रूची भोकं कोरी. भोकाभोवती ना घासल्याची खूण, ना गंजाचा ओघळ.

अक्षरं ओळखीची वाटतात (एमएच, बीएम, एमपी), पण मागचे आकडे किंवा अक्षरांची संख्या बसत नाही.

पाटी तळहाताएवढी, गोल किंवा ढालीच्या आकाराची आहे.

मुलामा नेमका शोभेल तिथंच उडालाय, सगळे टवके साधारण सारखेच.

दोन जाणकारांनी दोन सालं सांगितली आणि मध्ये पंचवीस-तीस वर्षांचं अंतर आहे. अशा वेळी बहुतेकदा दोघंही बरोबर असतात. एकानं नंबर वाचलेला असतो, दुसऱ्यानं पत्रा.

आधी हात आवरा

पहिली तपासणी फुकट आहे आणि सगळ्यात महत्त्वाचीही. पाटी धुवू नका, घासू नका, तेल लावू नका. जशी मिळाली तशी दोन्ही बाजूंनी फोटो काढा.

हे मी ठासून सांगतो, कारण माझ्या हातून नुकसान झालंय. दुकान सुरू करून सात-आठ वर्षं झाली होती. अमळनेरच्या एका जिनिंगवाल्या कुटुंबानं पाटी आणली, वरचा काळा रंग फुगला होता. मी थिनरचा बोळा फिरवला. काळ्याखाली दुसरा, त्याहून जुना नंबर होता. मला त्यातले दोन आकडे दिसले, एक सात आणि एक तीन. तेवढ्यात तेही बोळ्यावर आले. त्या कुटुंबाच्या पहिल्या गाडीचा तो एकमेव पुरावा असावा. आजही थिनरचा वास आला की ते दोन आकडे डोळ्यांसमोर येतात.

रंगाचे थर हाच पाटीचा इतिहास. शिवाय जुन्या लोखंडी पत्र्याला खाली बऱ्याचदा शेंदरी रंगाचा शिशाचा प्रायमर असतो. तो कोरड्या पॉलिश पेपरनं घासला की शिशाची धूळ उडते आणि श्वासातून आत जाते. घरात लहान मुलं असतील तर अशी पाटी घासायचा विचारही करू नका. पितळी बिल्ला असेल तर चिंच-मीठ लावायची आपल्याकडे सवय आहे. ती पूजेच्या तांब्याला ठीक. बिल्ल्यावरचा काळपटपणा म्हणजे त्याचं वय, चिंचेनं तेच निघून जातं.

ही मोटारीचीच पाटी आहे का?

हेही फुकट. माझ्याकडे आलेल्या "ब्रिटिश काळातल्या मोटारीच्या पाट्यां"मध्ये बऱ्याचशा सायकलीच्या निघाल्या. पूर्वी नगरपालिका सायकलवर, टांग्यावर, बैलगाडीवर कर घ्यायची आणि पावतीसोबत पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा बिल्ला द्यायची. त्यावर गावाचं नाव, नंबर आणि बहुतेक वेळा वर्षही ठोकलेलं असतं. तो मोटारीचा नसला तरी साल छापलेलं असल्यामुळे कागदोपत्री जास्त पक्का असतो. माझं मत विचाराल तर आपल्या गावाच्या नावाचा सायकलचा बिल्ला कुठल्याही अनोळखी मोटारीच्या पाटीपेक्षा जपून ठेवण्यासारखा आहे.

दुसरा गोंधळ चासीच्या पट्टीचा. इंजिनाजवळ किंवा दाराच्या चौकटीला लावलेली कंपनीची छोटी पितळी पट्टी असते, तिच्यावर चासी आणि इंजिन नंबर असतो. ती नंबरप्लेट नाही, पण गाडीचं साल काढायला नंबरप्लेटपेक्षा जास्त उपयोगी पडते.

तिसरा लंबगोल पाटीचा. परदेशी जाणाऱ्या गाडीला देशाची खूण लावायची, हे १९०९ च्या पॅरिस करारापासून सुरू झालं. आपली खूण स्वातंत्र्याआधी बीआय, म्हणजे ब्रिटिश इंडिया, आणि १९४७ नंतर आयएनडी. लंबगोलावर बीआय असेल तर पाटी स्वातंत्र्यापूर्वीची मानायला जागा आहे. पण तो देशाचा शिक्का आहे, गाडीचा नंबर नव्हे.

चुंबक आणि टेप

जुन्या स्पीकरचं चुंबक चालतं. पाटीला कोपऱ्यात हलकेच टेकवा, घासू नका. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम, पितळ किंवा जस्त. पहिल्या काळातल्या पाट्या बहुतेक लोखंडाच्या. पातळ, हलका ॲल्युमिनियमचा पत्रा दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त झाला आणि हातोहात मिळायला लागला. म्हणून "१९१५ ची" म्हणून आणलेली पाटी ॲल्युमिनियमची निघाली, तर इतर पुरावा नसेल तोवर मी ते साल मान्य करत नाही.

मग टेप लावा आणि इंच व मिलिमीटर दोन्ही लिहून घ्या. १९८९ चे केंद्रीय नियम आणि त्यांतल्या पुढच्या दुरुस्त्यांनी मापं मिलिमीटरमध्ये ठरली. मोटारीला ५०० बाय १२० किंवा ३४० बाय २००, दुचाकीला २०० बाय १००, आणि मोटारीवरच्या अक्षरांची उंची ६५. पाटी या मापात चपखल बसत असेल तर ती १९८९ नंतर कापलेली असण्याची शक्यता दाट, मग वर नंबर कुठलाही असो. इंचात पूर्ण आकडा येत असेल (अठरा बाय साडेचार वगैरे) तर जुन्या हाताचं काम. देशात मेट्रिक मापं १९५६ च्या कायद्यानं आली, पण डेंटर-पेंटरच्या फुटपट्टीवर इंच त्यानंतर कितीतरी वर्षं टिकून होते. त्यामुळे इंचातलं माप म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीचं, असा उलटा अर्थ काढू नका.

पाटीवर चमकणारा कागद, ज्याला आपण सगळे रेडियम म्हणतो, तो दिसला तर पत्र्याचा प्रश्न तिथंच संपला. मोटारीच्या सुरुवातीच्या काळात असला कागदच नव्हता. ॲक्रिलिकच्या पाट्यांचंही तेच.

आता नंबर वाचा

इथं सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश.

१९१४ च्या मोटार कायद्यानं नोंदणीचे नियम प्रांतिक सरकारांवर सोडले होते, त्यामुळे जो तो प्रांत आपल्या पद्धतीनं नंबर द्यायचा. १९३९ च्या कायद्यानं देशभर एक रीत आणली: प्रांताला ठरवून दिलेला अक्षरांचा गट आणि त्यापुढं जास्तीत जास्त चार आकडे. मुंबई प्रांताकडे बीएमनं सुरू होणारे तीन अक्षरी गट होते. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाल्यावर एमनं सुरू होणारे गट आले, एमएच, एमएम, एमआर, एमटी आणि त्यापुढं तिसरं अक्षर. १ जुलै १९८९ पासून १९८८ चा कायदा लागू झाला आणि आजची पद्धत आली: राज्य, मग कार्यालयाचा आकडा. धुळे १८, जळगाव १९, नंदुरबार ३९. नंदुरबार जिल्हाच १ जुलै १९९८ ला झाला, तेव्हा एमएच ३९ ची पाटी त्याआधीची असूच शकत नाही.

एवढ्यावरून नंबरचा काळ बराचसा आवळता येतो. पाच आकडे असतील तर तो १९३९ च्या पद्धतीतला नंबर नव्हे. तीन अक्षरं आणि चार आकडे, मध्ये कार्यालयाचा आकडा नाही, तर १९३९ ते १९८९ यांच्या दरम्यानचा. या पन्नास वर्षांच्या आत आणखी बारीक साल हवं असेल तर कागद लागतो. नुसत्या अक्षरांवरून नेमकं वर्ष सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आता सापळे. एमनं सुरू होणारा प्रत्येक नंबर महाराष्ट्राचा नसतो. मध्य प्रदेशाचे एमपी, म्हैसूरचे एमवाय, मद्रासचे एमएस आणि एमडी. आपल्याकडे हे जास्त होतं, कारण खानदेश हा पहिल्यापासून सीमेवरचा मुलूख. पूर्वेला बऱ्हाणपूर लागलं की मध्य प्रांत, उत्तरेला सेंधव्याकडे होळकरांचं इंदूर आणि बडवानी संस्थान, पश्चिमेला गायकवाडांचं बडोदं, दक्षिणेला अजिंठ्याच्या बाजूनं निजामाची हद्द. संस्थानांच्या गाड्यांची नोंद ज्याची त्याची वेगळी. आग्रा रोडनं आणि रेल्वेच्या गावांमधून या सगळीकडच्या गाड्या यायच्या, कापसाच्या व्यापाऱ्यांमध्ये विकल्या जायच्या. म्हणून भुसावळच्या भंगारात सापडलेली पाटी भुसावळचीच असेल असं नाही. नंबरच्या आधी किंवा वर संस्थानाचं नाव किंवा चिन्ह असेल तर तो नंबर संस्थान विलीन होण्याच्या आधीचा, म्हणजे १९४७ ते १९४९ या घडामोडींपूर्वीचा धरायला हरकत नाही.

सगळ्यात फसवा सापळा इंग्लंडचा. तिथं १९०३ चा कायदा १ जानेवारी १९०४ पासून लागू झाला आणि प्रत्येक काउंटीला एक किंवा दोन अक्षरं मिळाली, पुढं चारपर्यंत आकडे. लंडनला ए मिळालं. बीएम होतं बेडफर्डशायरचं आणि एमएच होतं मिडलसेक्सचं! जळगावचा एक तरुण मुंबईच्या जुन्या बाजारातून काळी, उठावाच्या अक्षरांची जड पाटी घेऊन आला. एमएच आणि पुढं चार आकडे. महाराष्ट्रातल्या पहिल्या गाड्यांपैकी एकीची म्हणून चांगले पैसे मोजले होते. मी त्याला एकच प्रश्न विचारला, "दादा, एमएच आणि आकडे यांच्यामध्ये काय आहे?" मध्ये काहीच नव्हतं. जुन्या महाराष्ट्राच्या नंबरात एमएचनंतर तिसरं अक्षर हवं, नव्या नंबरात कार्यालयाचा आकडा हवा. दोन्ही नाही म्हणजे ती पाटी आपली नाही, मिडलसेक्सची. त्याला वाईट वाटलं, पण पाटी खोटी नव्हती. तिचं गाव दुसरं होतं, एवढंच.

अजून एक खूण रंगाची. आपल्याकडे खासगी गाडीला काळ्यावर पांढरा नंबर आणि भाड्याच्या गाडीला पांढऱ्यावर काळा, अशी रीत होती. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती बदलली. खासगीला पांढऱ्यावर काळा आणि भाड्याला पिवळ्यावर काळा झाला. त्यामुळे तीन अक्षरी जुना नंबर पांढऱ्या पाटीवर दिसला तर दोन शक्यता उरतात. एक तर गाडी टॅक्सी किंवा ट्रक होती, नाहीतर पाटी अलीकडे पुन्हा केली. उरलेलं पत्रा सांगतो.

पाटी उलटी करा

पुढची बाजू दुसऱ्याला दाखवायला केलेली असते, मागची बाजू कुणी सजवत नाही. म्हणून मी ग्राहकाशी बोलत बोलत पाटी आधी उलटी करतो.

शिरपूर तालुक्यातले एक नाना पाटी घेऊन आले, वर्तमानपत्रात गुंडाळून वर सुतळी बांधलेली. "१९२५ ची आहे, आमच्या आजोबांची." काळी पाटी, पांढरी अक्षरं, बीएमनं सुरू होणारी तीन अक्षरं. म्हणजे नंबर १९३९ च्या आधीचा नाही हे तिथंच कळलं होतं, पण मी बोललो नाही. उलटी केली. मागं गंज. कडा आत दुमडून ठोकलेल्या, पातळ पत्र्याला ताठपणा यावा म्हणून आम्ही तसं करतो. एका कोपऱ्यात दुमड आपोआप उघडली होती. दुमडीच्या आत गंज पोचला नव्हता. भिंग लावलं, टॉर्च तिरपा धरला. आत पिवळा रंग आणि त्यावर हिरव्या झाडाच्या दोन झावळ्या. डालड्याचा डबा! कुठल्या तरी माझ्यासारख्याच पेंटरनं डबा उघडून, सपाट करून त्याची पाटी केली होती. डालडा बाजारात आला १९३७ मध्ये. पत्रा त्याआधीचा असणं शक्यच नाही.

नाना बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, गाडी आजोबांनी नाही, वडिलांनी घेतली असेल, सेकंडहँड. पुढच्या आठवड्यात ते ट्रंकेतून गाडीचं नोंदणी पुस्तक घेऊन आले. पहिली नोंद १९४६ ची, दुसऱ्याच गावच्या मालकाच्या नावानं. त्याखाली वडिलांचं नाव. एक साल खोटं ठरलं, पण घराला वडिलांच्या हातचा कागद सापडला.

मागच्या बाजूला काय काय बघायचं? भोकं आधी. खरोखर वापरलेल्या पाटीच्या भोकाभोवती वॉशरची गोल खूण असते. रस्त्याच्या हादऱ्यांनी भोक एका बाजूला लांबट होतं. गंजाचा ओघळ खालच्या दिशेनं जातो, कारण पाटी उभी लावलेली असते. गंज सगळीकडे सारखा पसरला असेल तर पाटी गाडीवर नव्हे, ओल्या पोत्यात किंवा मुद्दाम मिठाच्या पाण्यात राहिलेली. स्क्रू अजून अडकलेला असेल तर त्याचं डोकं बघा. सरळ खाचेचा स्क्रू कुठल्याही काळाचा असू शकतो, पण अधिक चिन्हाच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकातला शोध आहे. अर्थात स्क्रू बदलतात, म्हणून हा दुय्यम पुरावा.

मग अक्षरं तिरप्या उजेडात बघा. ब्रशनं लिहिलेल्या अक्षराच्या कडेला रंगाची बारीकशी वरंडी येते आणि फटकारा संपतो तिथं शेपूट राहतं. अक्षरांच्या वर-खाली सुईनं ओढलेल्या दोन रेघा दिसतात, ओळ सरळ यावी म्हणून आम्ही त्या मारतो आणि रंगानंतर त्या पूर्ण बुजत नाहीत. रेघा असतील आणि त्यांच्याशी आत्ताचा नंबर जुळत नसेल, तर खाली दुसरा नंबर आहे असं समजा आणि थांबा. माझ्या त्या सात आणि तीनची गोष्ट पुन्हा होऊ देऊ नका.

एनॅमलच्या पाट्या आणि परदेशी पाट्या

लोखंडावर काचेचा मुलामा भट्टीत भाजून चढवलेली एनॅमलची पाटी हाताला थंड, गुळगुळीत आणि जड लागते. आधी एक रंग भाजतात, मग अक्षरांचा दुसरा. म्हणून नख फिरवलं की अक्षराच्या काठावर किंचित पायरी जाणवते. टवका उडाला की खाली काळा थर आणि मग लोखंड दिसतं. खऱ्या पाटीत भोकाच्या आतल्या कडेलाही मुलामा असतो, कारण भोक आधी पाडून मग भाजतात. मुलाम्यातून नंतर ड्रिलनं पाडलेल्या भोकाच्या कडा तुटक असतात. जुने टवके भोकांपाशी आणि कोपऱ्यांवर जास्त असतात, जिथं स्क्रूचा ताण येतो आणि दगड लागतो. पाटीच्या मधोमध नेमका शोभिवंत टवका असेल तर मला शंका येते.

हायवेवरच्या ढाब्यांत आणि हॉटेलांत आजकाल अमेरिकेच्या पाट्या भिंतीवर लावतात, त्यातल्या बहुतेक नव्यानं छापलेल्या असतात. खरी ओळखायची तर त्यांचा क्रम लक्षात ठेवा. पाट्यांची सुरुवात फ्रान्समध्ये, पॅरिस पोलिसांच्या १८९३ च्या हुकमानं. न्यूयॉर्कनं १९०१ मध्ये गाडीवर मालकाची आद्याक्षरं सक्तीची केली, पण पाटी मालकानंच करायची. लोकांनी ती चामड्यावर, लाकडावर लावली. राज्यानं स्वतः दिलेली पहिली पाटी मॅसेच्युसेट्सची, १९०३ ची, निळ्या एनॅमलवर पांढरे आकडे. तिच्यावर साल नव्हतं, ते तिथं १९०८ पासून यायला लागलं. पेनसिल्वेनियानं १९०६ पासूनच साल घातलं. कॅलिफोर्नियात १९१४ पर्यंत पाटी मालकाची, त्यानंतर राज्याची. दुसऱ्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली तेव्हा इलिनॉयनं १९४३ पासून काही वर्षं सोयाबीनपासून केलेल्या पुठ्ठ्याच्या पाट्या दिल्या, त्या जनावरं कुरतडायची. आणि आज सगळीकडे दिसणारं सहा बाय बारा इंचाचं माप तिथं १९५६ च्या सुमारास ठरलं. म्हणून "१९१०" छापलेली पाटी बरोबर सहा बाय बारा इंचाची, पातळ आणि चार कोपऱ्यांत चार सारखी भोकं असलेली निघाली, तर ती भिंतीसाठीच केलेली आहे. शोभेला हरकत नाही, फक्त किंमत शोभेच्या वस्तूची द्या.

अमेरिकेच्या बऱ्याच पाट्यांचं साल काढणं आपल्यापेक्षा सोपं असण्याचं कारण तेच, वर सांगितलेलं. तिथं पुष्कळ वर्षं दर वर्षी नवी पाटी मिळायची, म्हणून नंबरचं वय तेच पत्र्याचं वय. आपल्या पाटीवर तो नियम लावू नका.

कागद

इथून पुढं पैसा नाही, पण वेळ आणि चपला झिजतात. घरातलं नोंदणी पुस्तक, विम्याचे कागद, कराची पावती, काचेवरचा जुना टॅक्स टोकन, लग्नाचे फोटो. फोटो फार कामाचा असतो. वरातीच्या गाडीचा बंपर दिसतो आणि फोटोच्या मागं स्टुडिओचा शिक्का आणि तारीख असते. फोटोतल्या पाटीवरची अक्षरांची जागा आणि भोकं तुमच्या हातातल्या पाटीशी ताडून बघा. नंबर तोच पण अक्षरं वेगळ्या हाताची, असं निघालं तर तुमच्याकडे दुसरी पाटी आहे. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून बघा, पण फार जुन्या नंबरांच्या नोंदी संगणकावर चढलेल्या नसतात. तिथं काही आलं नाही म्हणून नंबर खोटा ठरत नाही.

मी शेवटी पाटीसोबत एक चिठ्ठी देतो. नानांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: "नंबर १९३९ नंतरचा, पुस्तकाप्रमाणे नोंद १९४६. पत्रा १९३७ नंतरचा, नेमका कधीचा ते पत्र्यावरून सांगता येत नाही. अक्षरं ब्रशची, एकाच हाताची." "अमुक सालानंतरचा" एवढंच पत्र्याबद्दल छातीठोकपणे म्हणता येतं. "अमुक सालचा" म्हणायला कागद लागतो.

इथं थांबा

वरच्या रंगाखाली दुसरा नंबर दिसतोय आणि तो वाचायचाय, तर स्वतः काही करू नका, माझ्यासारख्या पेंटरकडेही देऊ नका. हे संवर्धनतज्ज्ञाचं काम. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे, सुरुवातीला तिथं विचारा. क्ष-किरणांच्या यंत्रानं रंग न खरवडता त्यात शिसं आहे की टायटॅनियम ते कळतं. टायटॅनियमचा पांढरा रंग १९२० च्या आसपास बाजारात यायला लागला, त्यामुळे "१९१० ची" म्हणवणारी पाटी त्या एका चाचणीत उघडी पडते.

नंबर ॲपवर चालू गाडीच्या नावावर निघाला आणि ती गाडी तुमची नाही, तर पाटी विकू नका, लावू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परिवहन कार्यालयात कळवा.

पाटीच्या जोरावर गाडीची नोंदणी करायची असेल तर थेट परिवहन कार्यालय गाठा. पन्नास वर्षांवरच्या मूळ स्थितीतल्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये व्हिंटेजचे वेगळे नियम आले. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांनी पुन्हा करायला ५ हजार, आणि नंबरात राज्यानंतर व्हीए ही अक्षरं. आधीची नोंद असेल तर जुना नंबर ठेवता येतो. त्यासाठी कागद लागतात, पाटी हा कागद नाही. कोर्टातली वाटणी किंवा विम्याचा दावा असेल तर वकिलाला विचारा, माझी चिठ्ठी तिथं चालणार नाही.

पाटी शंभर वर्षांच्या पलीकडची असेल आणि परदेशातून गिऱ्हाईक आलं असेल, तर व्यवहाराआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

आणि जुनी पाटी आजच्या गाडीला हौसेनं लावून रस्त्यावर काढू नका, मिरवणुकीतसुद्धा नाही. घरात लावायची तर खिळा भोकातून ठोकू नका. मऊ कापडाची पट्टी खालून आधाराला द्या आणि ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवा. आमच्याकडे जुन्या मातीच्या भिंतींना पावसाळ्यात ओल येते, आणि पाटी मागून गंजायला एक पावसाळा पुरतो.